पदराचं माउंट

आमच्या दुकानात माउंट कापायचं यंत्र आलं, तेव्हा वडील माझ्याकडे येऊन बसायला लागून थोडेच दिवस झाले होते. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांचा सगळा जन्म शहापुरात साड्या विणण्यात गेला. आधी घरातला हातमाग, मग दुसऱ्याच्या शेडमधले पॉवरलूम. बाहेरची स्वस्त साडी बाजारात आली तसे शेडमधले माग एकेक करून थांबले. शेवटी मालकानं ते भंगारवाल्याला दिले. ट्रकमध्ये लोखंड चढवताना आप्पा तिथंच उभे होते म्हणे. घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून ते घरीच.

आईच एकदा मला म्हणाली, "तुझ्याबरोबर घेऊन जा बघ त्यांना. दिवसभर भितीकडं तोंड करून बसत्यात. बोलत न्हाईत, भांडत न्हाईत. मला भ्या वाटतंय."

माझा गाळा अनगोळच्या रस्त्याला. लग्नाआधी मी एका फ्रेमवाल्याकडे कामाला होते, तिथंच हे काम शिकले आणि पुढं स्वतःचं दुकान घातलं. देवांच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे फोटो, लग्नातले फोटो, निवृत्त होणाऱ्या मास्तरांची मानपत्रं. काम बरं चालायचं. मी आप्पांना "चला" म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "मी काय करू तितं? खिळे मोजू?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून ते दारात उभे होते.

फोटो आणि काच यांच्यामध्ये मधोमध खिडकी कापलेला जो जाड पुठ्ठा असतो, त्याला आम्ही माउंट म्हणतो. खिडकीची कड सरळ कापत नाहीत, तिरकी कापतात. तिरकी कापली की पुठ्ठ्याच्या आतला पांढरा गर फोटोभोवती बारीक रेघेसारखा दिसतो. ती रेघ चारी बाजूंनी सारखी आली आणि कोपरे नेमके जुळले, तर एखादा साधा पासपोर्ट फोटोसुद्धा देखणा होतो. मी इतकी वर्षं हे काम स्टीलच्या पट्टीनं आणि साध्या कटरनं करत आले होते. हात भरून यायचा, आणि चारातला एक कोपरा हटकून बिघडायचा. म्हणून मी मुंबईहून ते यंत्र मागवलं.

यंत्र म्हणजे फार काही नव्हे. एक लांब पाट, त्याच्यावर वरखाली होणारी जड पट्टी, आणि पट्टीच्या कडेनं सरकणारी एक मूठ. मुठीत पातं तिरकं बसतं. ते किती बाहेर काढायचं, ते एका स्क्रूवर ठरतं. मला वाटलं, पार्सल उघडायचं आणि कापायला लागायचं. पहिल्याच दिवशी मी इतके पुठ्ठे नासले की रडू यायचं बाकी राहिलं. पातं जास्त बाहेर आलं की ते पुठ्ठ्यात वाकायचं, रेघ कोयरीसारखी वळायची आणि कोपऱ्याच्या पुढे केसाएवढी चीर पळायची. ती चीर लांबून दिसत नाही, पण एकदा दिसली की मग तेवढीच दिसते. पातं आत घेतलं की उलटं. कोपरा सुटायचाच नाही, आणि ओढला की फाटून त्याची दशी निघायची. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, बराबर सेट करके भेजा है."

आप्पा स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. तोपर्यंत दुकानातल्या कशालाही त्यांनी आपणहून हात लावला नव्हता. मी काच पुसायला दिली तर पुसायचे, चहा सांगा म्हटलं तर सांगून यायचे. त्या दिवशी मी पातं काढून ठेवलं आणि पाणी प्यायला उठले, तर ते यंत्रापाशी आले. मूठ उचलून त्यांनी उलटी केली, खालून बघितली, स्क्रूवर बोट ठेवलं.

"ह्ये किती फिरवायचं, कुठं लिवलंय?"

"लिहिलंय, पण त्यांचा पुठ्ठा वेगळा हाय आप्पा. आपला जरा पातळ येतोय."

"मग त्यांच्या पुठ्ठ्याचं माप आपल्याला काय करायचंय?"

पुढचे काही दिवस आम्ही दोघं त्या पात्याच्या मागं लागलो. गिऱ्हाईक नसलं की रद्दी पुठ्ठा घ्यायचा, कापायचा, उजेडात धरायचा. खाली आणखी एक पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा, हे मला सुचलं. पात्याला टेकायला काहीतरी मिळालं की कड फाटत नव्हती. स्क्रू कितीही नीट लावला तरी मूठ दाबताना आपला हात कमीजास्त पडतो, हे आप्पांनी हेरलं. पण चुका त्यांच्याही झाल्या. एकदा त्यांनी स्क्रू इतका आवळला की पातं कडकन मोडलं आणि अर्धा तुकडा उडून कॅलेंडरला लागला. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग हसायला लागलो. माग बंद झाल्यापासून ते हसलेले मी बघितले नव्हते.

अखेर एके दिवशी खिडकी कापून झाल्यावर मधला चौकोन आपोआप खाली पडला. न ओढता, न ढकलता. चारी कोपरे स्वच्छ. आप्पांनी खालचा रद्दी तुकडा उचलला. त्याच्यावर नुसता ओरखडा होता.

"बघ," ते म्हणाले, "पात्यानं खालच्याच्या दारात जायचं, हाक मारायची आणि माघारी यायचं. आत शिरायचं न्हाय."

तेव्हापासून माउंट कापायचं काम त्यांचंच झालं. पुठ्ठ्याचा नवा गठ्ठा आला की ते आधी एक तुकडा चिमटीत धरून बघायचे आणि मगच स्क्रूला हात लावायचे. पातं जरा बोथट झालं की मी म्हणायची, "चालतंय की अजून," आणि ते न बोलता नवीन घालायचे. ती वर्षं बरी गेली. आईचीही काळजी कमी झाली. संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून शहापूरच्या घरी सोडायची आणि माघारी अनगोळला माझ्या घरी यायची.

एकदा मी त्यांना सहज म्हणाले होते, "आप्पा, तुम्ही इणलेली एखादी साडी असती, तर मस्त फ्रेम करून दुकानात लावली असती."

"इणणाऱ्याच्या घरात साडी ऱ्हात नसती," ते म्हणाले.

खरंच नव्हती. आईच्या लग्नातली त्यांनीच विणलेली साडी होती, तिची वाकळ झाली. वाकळीच्या चिंध्या झाल्या आणि त्या चिंध्यांनी आम्ही जमीन पुसली. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. घरात रोज साडी निघत होती. साडी जपून ठेवायची असते, हे आम्हाला सुचायचं काही कारणच नव्हतं. आता त्या वाकळीची मला फार आठवण येते. तिचा रंग कुठला होता, तेही नीट आठवत नाही.

मग एके दिवशी एक बाई आल्या. नंदगडच्या पलीकडच्या एका खेड्यातून, सकाळच्या गाडीनं. वयानं पन्नाशीच्या पुढच्या असाव्यात. पिशवीतून त्यांनी एक घडी काढली आणि काउंटरवर उलगडली. चिंचेच्या पाल्यासारख्या हिरव्या रंगाची जुनी शहापुरी साडी होती. अंगात ती जागोजागी विरली होती, घडीवर फाटली होती. पदर मात्र शाबूत होता, गडद डाळिंबी पट्ट्यांचा.

"माझ्या आईची," त्या म्हणाल्या. "जाऊन वरीस झालं. भावानं शेतीचं बघितलं, भावजयीनं भांड्याकुंड्याचं. मी ही साडी मागून घेतली. एवढा पदर फ्रेममधी बसवून द्या. राहिलेल्याची नातवाला वाकळ शिवणार हाय."

आप्पा उठून पुढे आले. त्यांनी चष्मा लावला आणि साडीचा काठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून सरकवत पदरापर्यंत नेला. तिथं ते थांबले. पदर उलटा करून मागची बाजू बघितली, परत सुलटा केला. डाळिंबी पट्ट्यांच्या ओळीत एक पट्टा वेगळा होता, जांभळट. दोन बोटं रुंद. मला तोपर्यंत तो दिसलाही नव्हता.

"कुठनं घेतल्याली?" आप्पांनी विचारलं.

"शहापुरातनंच. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला."

"दुकान कुठलं?"

"ते काय मला म्हाईत न्हाय मामा. मी बारकी होते."

आप्पांनी पदर काउंटरवर सरळ केला. मग पदरावर तळहात ठेवून म्हणाले, "आक्का, ह्यो एक पट्टा रंगाला चुकलाय. माउंट जरा वर घेतलं की त्याच्याखाली जाईल. दिसायचा न्हाय."

"न्हाय न्हाय!" त्या बाई एकदम म्हणाल्या. "मामा, तोच मधी यायला पायजे. बरोबर मधोमध. दुसरं काय बी झाकलं तर चालतंय, तो पट्टा झाकू नका." त्या पुढे काहीतरी सांगणार होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाचा गाडी घेऊन बाजारात आला होता आणि पोलीस तिथं थांबू देत नव्हता. त्यांनी घाईघाईत नंबर दिला, साडी आमच्या हवाली केली आणि "नीट करा हं मामा" म्हणत गेल्या.

कापड फ्रेम करायचं म्हणजे काच कापडाला टेकून चालत नाही. टेकली तर ओल धरते. म्हणून जाड माउंट घ्यायचं, आणि तेही एकावर एक असं दुहेरी. जाड पुठ्ठा म्हणजे पात्याची मांडणी पुन्हा पहिल्यापासून. आप्पांना ते नवीन नव्हतं. तरी त्या दिवशी त्यांना ते जमेना. पहिल्या पुठ्ठ्याची चीर कोपऱ्याच्या पुढे पळाली. दुसऱ्याचा कोपरा फाटला. त्यांनी पातं बदललं, स्क्रू सैल केला, परत आवळला, रद्दीवर कापून बघितलं. रद्दीवर बरोबर यायचं आणि खऱ्या पुठ्ठ्यावर चुकायचं. मला वाटलं, वय झालं आता.

"आप्पा, द्या इकडं. मी कापते."

"न्हाय. ह्ये मीच कापणार." इतक्या करड्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मी काउंटरवरच्या कामाकडे वळले. दुपार सगळी त्यात गेली. उन्हं कलली तेव्हा त्यांनी मूठ पूर्ण मोकळी केली, आतली सगळी धूळ फुंकून काढली, कोरं पातं घातलं आणि डोळे बारीक करून ते कितीतरी वेळ बसवत राहिले. मग न थांबता दोन्ही माउंट कापले. दोन्ही खिडक्यांचे चौकोन खाली पडले. पदर त्यांनीच पुठ्ठ्यावर ठेवला आणि रेशमाच्या दोऱ्यानं कडेनं बारीक टाके घालून बसवला. मी फक्त सुई ओवून दिली. बाईंनी सांगितलं तसा जांभळट पट्टा बरोबर मधोमध आला होता. राहिलेल्या साडीची त्यांनी घडी घातली. एक दोरासुद्धा मागं ठेवला नाही.

संध्याकाळी घरी जाताना रेल्वे फाटक बंद होतं. लोंढ्याकडे जाणारी गाडी यायची होती. मी स्कूटर बंद केली. मागं बसलेले आप्पा माझ्या खांद्यावरून म्हणाले, "ती साडी माझी हाय."

मला आधी कळलंच नाही.

"माझ्या मागावरची. आपल्या घरातल्या. तू झाली नव्हतीस तवा."

मी मान वळवून बघितलं तर ते रुळांकडे बघत होते. तसंच बघत ते सांगत राहिले. सणाचा माल द्यायचा होता. पदराचं थोडं काम राहिलं असताना डाळिंबी सूत संपलं. रंगाऱ्याकडून नवं आलं ते जांभळट निघालं. माल न्यायला व्यापाऱ्याचा माणूस दारात येऊन बसलेला. कंदिलाच्या उजेडात रंग सारखाच वाटत होता, म्हणून त्यांनी एक पट्टा विणला. तेवढ्यात शेजारच्या घरातून जुन्या रंगाचं सूत भरलेल्या चार कांड्या मिळाल्या, आणि पुढचं काम त्यांनी त्या सुतानं पुरं केलं. सकाळी मागावरनं साडी काढून अंगणात धरली, तेव्हा तो पट्टा दिसला.

"त्या माणसानं समद्या विणकरांच्या म्होरं साडी पसरली," आप्पा म्हणाले. "म्हणाला, बघा रं, साडीला जखम झालीया. समदी हसली. मी म्हटलं, राहू दे माझ्याकडं ती. तर म्हणाला, खेड्यातल्या बाईला काय कळतंय, खपंल. आणि घिऊन गेला."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? की मीच विणली म्हणून?"

"काय सांगू? आईची आठवण म्हणून आणलीया त्यांनी. त्यात माझी चूक कशाला घालू?" गाडीचा आवाज जवळ आला तसे ते थांबले. डबे निघून गेल्यावर म्हणाले, "झाकत हुतो, तर झाकू बी देत न्हाईत. आता काचंत बसली. मधोमध."

फाटक उघडलं, मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले, आणि मी स्कूटर चालू केली.

फ्रेम न्यायला बाई आल्या नाहीत, भाच्याला पाठवलं. आप्पांनी ती स्वतः कागदात गुंडाळून दिली. त्यानंतर अधूनमधून, काही काम करता करता, ते म्हणायचे, "असंल त्यांच्या भितीवर." कुठल्या भिंतीवर, काय, ते मला विचारावं लागायचं नाही. एकदा मी म्हणाले, "फोन करून विचारू या का? तोच पट्टा मधी का पाहिजे होता त्यांना?" ते म्हणाले, "नको. कशाला उकरून काढायचं?" मीही मग सोडून दिलं. त्यांच्या मनाविरुद्ध करायला नको, असं मला खरंच वाटलं होतं. शिवाय मलाही आतून वाटत होतं की बाई काहीतरी साधंसुधं सांगतील, आणि आप्पांना आणखी लागेल. बाईंचा नंबर मात्र दुकानाच्या फोनमध्ये तसाच होता, रोज हाताशी.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. मोठं आजारपण नव्हतं. ताप आला, छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि बरे होतील असं वाटत असतानाच गेले. दुकान काही दिवस बंद ठेवलं. उघडल्यावर मी माउंट तयार मागवायला लागले. बाजारात आता कापलेले मिळतात, ठरावीक मापाचे. यंत्रावर मी कापड घालून ठेवलं.

आणि या पावसाळ्याच्या शेवटी त्या बाई पुन्हा आल्या. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडचा पाऊस म्हाईत हाय न्हवं? भिंत ओलीचिंब झाली. आत बुरशी आली बघा. पदराला लागायच्या आधी काढा म्हणून आले." मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "मामा कुठं हायत?"

मी सांगितलं. त्या "अगं बाई" म्हणून मटकन स्टुलावर बसल्या. ते आप्पांचंच स्टूल.

मी फ्रेम उलटी केली, मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला. बुरशी फक्त वरच्या माउंटला लागली होती. कापड वाचलं होतं. माउंटच्या मागं पेन्सिलच्या रेघा होत्या, आप्पांनी कापायच्या आधी आखलेल्या. कोपऱ्यात जिथं दोन रेघा छेदतात, तिथं बरोबर पातं थांबलं होतं, ना पुढे ना मागं. इतक्या दिवसांनी त्यांचा हात असा अचानक समोर आला आणि मला पुढचं काम सुचेना. मी तशीच उभी राहिले.

"काय झालं ताई?"

मग मी सांगून टाकलं. ही साडी आप्पांनीच विणली होती. तो पट्टा म्हणजे त्यांची चूक होती. त्यावरून लोक त्यांना हसले होते, म्हणून ते तो झाकायला बघत होते. सांगताना मला वाटलं, आता बाईंना कसंसं होईल.

त्या उठून पदरावर वाकल्या. मग म्हणाल्या, "चूक कशी म्हणायची हो त्याला?"

आणि त्या दिवशी फोन आला म्हणून जे राहून गेलं होतं, ते त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईबरोबर गावातल्या आणखी बायका साडी घ्यायला आल्या होत्या. दुकानात सगळ्या साड्या एकासारख्या एक. दुकानदारानं ही एक बाजूला टाकली होती, म्हणाला, ही नको, हिचा पदर बिघडलाय. तर आई म्हणाली, मला हीच द्या. घरी येऊन लेकरांना सांगायची, इणणाऱ्यानं हितं जरा थांबून इचार केलाय. बाकीच्या साड्या नुसत्या हातानं इणल्यात, ही मनानं इणलीया.

"आणि जत्रेत," बाई म्हणाल्या, "गावच्या सगळ्या बायकांच्या अंगावर हिरव्या साड्या अन् डाळिंबी पदर. आम्ही चार भावंडं, सगळी बारकी. आई सांगायची, गर्दीत हात सुटला तर भ्यायचं न्हाय, माझा पट्टा बघायचा. एकदा मी खरंच चुकले. रडत रडत नुसते पदर बघत फिरले. आणि हा पट्टा दिसला." त्यांनी बोट कापडाला न लावता वरूनच त्या पट्ट्यावरून फिरवलं. "म्हणून म्हटलं, झाकू नका. मामांना तेव्हाच सांगणार होते हो. आमच्या भाच्याला पण त्याच वक्ताला फोन करायचा होता."

त्या दिवशी आप्पा त्याच काउंटरच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर उभे होते. आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर त्यांना हे सगळं कळलं असतं. पुढंही कधी मी फोनवरचं एक बटण दाबलं असतं तर कळलं असतं. आयुष्यभर त्यांनी बायकांसाठी साड्या विणल्या, आणि त्यातल्या एकीनं ती नेसून काय म्हटलं, हे त्यांच्या कानावर कधी आलं नाही. जे कानावर आलं ते व्यापाऱ्याच्या माणसाचं.

"बसा आक्का," मी म्हणाले. "माउंट नवीन कापून देते. आत्ताच."

तयार माउंट या मापाचं मिळालंच नसतं. मी यंत्रावरचं कापड काढलं. जाड पुठ्ठा काढला, मागून रेघा आखल्या. मुठीतलं पातं आप्पांनी बसवलेलं तसंच होतं. शेवटी त्यांनी कुठल्यातरी लग्नाच्या फोटोसाठी लावलेलं, पातळ पुठ्ठ्याच्या मापानं. ते हलवायला माझा हात धजेना, पण हलवल्याशिवाय हा पुठ्ठा कापला जाणार नव्हता. मी स्क्रू सैल केला. जुनं पातं काढून ठेवलं, नवं घातलं, बाहेर काढलं, रद्दीवर कापलं, परत आत घेतलं. पहिला पुठ्ठा वाया गेला. दुसऱ्याचे तीन कोपरे चांगले आले आणि चौथ्यावर चीर किंचित पुढे पळाली. आप्पांनी तो टाकून दिला असता. बाईंची गाडी निघायची वेळ होत आली होती, म्हणून मी तोच बसवला. मागं कापूर ठेवला, फ्रेम भिंतीपासून जरा सुटी राहावी म्हणून बुचाचे तुकडे चिकटवले. बाईंना तो कोपरा दिसला नाही. त्या पट्ट्याकडेच बघत होत्या.

जाताना त्या म्हणाल्या, "फोटो हाय काय मामांचा? द्या एक. आईच्या फोटोशेजारी न्हाय लावत, पण घरात असू दे." मी आप्पांचा एक लहान फोटो दिला, यंत्रापाशी बसलेला.

त्या संध्याकाळी मी आईकडे गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. पट्ट्याचं तिला ठाऊक होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्तच ठाऊक होतं.

"त्या जांभळ्या कांड्या मीच भरल्यात्या," ती म्हणाली. "रंग येगळा हाय म्हणून सांगितलं बी हुतं. म्हणाले, भर, दिसत न्हाय." तिनं मेथीची काडी मोडली. "लई दिवस जेवले न्हवते नीट, त्यो माणूस हसला तवा."

मग ती विचारायला लागली. कुठल्या देवाची जत्रा? चार लेकरं, त्यात पोरी किती? ती म्हातारी दिसायला कशी होती? साडी रोज नेसायची का सणासुदीलाच? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"एवढं ऐकून आलीस अन् ह्ये इचारलं न्हाईस व्हय?"

"आत्ता विचारते," मी म्हणाले आणि नंबर लावला. बाई नुकत्याच घरी पोचल्या होत्या. मी फोन आईच्या हातात दिला.

आईनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून बाई बोलत होत्या आणि आई नुसती "व्हय... व्हय..." म्हणत होती. मध्येच एकदा ती म्हणाली, "न्हाई वो, त्यांना कुठं म्हाईत हुतं." मग पुन्हा बराच वेळ ऐकत राहिली. मी तिच्या मांडीवरचं सूप काढून घेतलं आणि राहिलेली मेथी निवडायला लागले.